गोदूबाईचा अंगठा

“परत दाब, आजी. जोरात नको, नुसता टेकव.”

गोदूबाईनं अंगठा पदराला पुसला आणि मशीनच्या काचेवर टेकवला. लाल दिवा लागला, विझला. लॅपटॉपवर इंग्रजीत एक ओळ आली.

“काय म्हणतंय?”

“जुळत नाय म्हणतंय.”

“त्याला सांग, पंचाहत्तर वर्सं हाच अंगठा हाय मला.”

हर्षला हसली नाही. ही सातवी वेळ होती.

लॅपटॉप दिवाळीच्या पाडव्याला आणलेला. दहिवलीतल्या घराच्या पडवीत नातीनं दाखले काढून द्यायचं काम सुरू केलं होतं, आणि पहिलं काम आजीचंच निघालं. गोदूबाईचा नवरा रेल्वेत गँगमन होता, ठाकुरवाडीच्या घाटात रूळ राखायचा. त्याच्यामागे तिला पेन्शन होती. आपण जिवंत आहोत हे दर नोव्हेंबरात अंगठा लावून कळवावं लागे. आज तीस तारीख, त्यात रविवार, बँक बंद. आज दाखला गेला नाही तर पेन्शन अडकणार होती.

लॅपटॉप दिसायला देखणा. राखाडी, पातळ, उघडला की नव्या प्लास्टिकचा वास. पण चार दिवसांत त्याच्या खोडी बाहेर आल्या. चार्जरची पिन जरा तिरकी धरली तरच घेई. मधलं लांब बटण दोनदा दाबावं लागे. बोट किंचित ओलं असलं की पडद्यावरचा बाण भलतीकडे उडे. आणि जरा कुणी बोलत बसलं की हा आपला अंधार करून झोपी जाई.

“नव्या नवरीसारखा हाय,” गोदूबाईनं पहिल्याच दिवशी निकाल दिला होता. “रूप गोड, पण प्रत्येक काम दोनदा सांगायचं.”

हर्षलानं कोमट पाणी आणलं. आजीची बोटं धुतली, कोरडी केली, खोबरेल चोळलं. “जन्मभर चिखलात भात लावलंस ना, रेषा झिजल्यात. दुसरी बोटं बघू.”

दहाची दहा बोटं झाली. लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला.

“दमला बघ,” गोदूबाई म्हणाली. “बसून काम, आन् हा दमतो.”

तेवढ्यात गजा खळ्यावरून आला. अंगाला भाताचं कुसळ चिकटलेलं. हर्षलाचा बाप, गोदूबाईचा एकुलता एक. त्यानं पडद्याकडे पाहिलं, मग मुलीच्या तोंडाकडे.

“आये, गेल्या साली स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडं झालं व्हतं ना?”

“झालं व्हतं.”

“त्याच्या आदल्या साली?”

“तवाबी झालं. मोती व्हती संगट.”

मोती म्हणजे मोतीबाई. ती गोदूबाईची धाकटी जाऊ. मूलबाळ नसलेली, भिंतीला भिंत लावून राहणारी. बाजाराला, दवाखान्याला, दाखल्याला दोघी विधवा डोक्यावर पदर घेऊन जोडीनं जायच्या. श्रावणात ती गेली.

“तिकडं एका फटक्यात, न् हितं सकाळधरनं नाय,” गजा म्हणाला. “म्हंजे खोट ह्याच्यातच हाय.”

“थांबा बाबा. चेहऱ्यावरनंबी होतं आता, मोबाईलमधून.”

“माझं थोबाड नको कुठं पाठवू,” गोदूबाई एकदम कडाडली. “लगीन जमवायचंय का माझं?”

“आजी, बस गं सरळ.”

हर्षलानं आधी आजीचं आधार कार्ड हातात घेऊन नंबर टाकला. फोटो पाहून तिला एवढ्या तापातही हसू आलं. “ह्यात तर तू वळखूच येत नायस.”

“कार्डावर कोण वळखू येतं? तुझा बाप तर त्याच्या कार्डावर कोंबडीचोर दिसतो.”

मोबाईलवर गोल आला. डोळे मिटा, उघडा. गोदूबाईनं मिटले, उघडले. तीनदा. तिन्ही वेळा तेच उत्तर.

हर्षलानं मोबाईल ठेवला. तिचे डोळे भरले. “घरच्या माणसाचं पहिलं काम, तेच होईना. बाहेरचं कोण येणार माझ्याकडं?”

“रडू नको. दुकान चालू असंल.” गजानं वायर उपसली, लॅपटॉप खोक्यात घातला, वरून थर्माकोल दाबला. “आत्ता कर्जतला जातो न् दुकानदाराच्या तोंडावर टाकतो. जित्या माणसाला वळखत नाय असलं मशीन नको आपल्याला.”

त्यानं मोटरसायकलची किल्ली घेतली. गोदूबाई भिंतीला टेकून बसली होती. अंगठा तिनं मुठीत दाबून धरला होता.

“गजा, ठेव ते खाली.”

“आये, दुकान बंद होईल.”

“ठेव म्हणते ना!” तिनं पदर सारखा केला. “तुझा बाप गेला. दिवस करून तू पनवेलला कामावर गेलास. मी वर्सभर उंबरा ओलांडायचा नाय, ही आपल्यातली रीत. न् तवाच शाळेत कार्डाचा कॅम्प आला. कार्ड नाय तर पेन्शन नाय म्हणाले.”

“मंग?”

“मंग माझ्या नावानं मोती जाऊन बसली. फोटो तिचा, बोटं तिची. दर साली दाखल्यालाबी अंगठा तीच लावायची.”

हर्षलानं पुन्हा कार्ड उचललं आणि उजेडात धरलं. गजाच्या हातात किल्ली तशीच राहिली.

“आन् काकीचं कार्ड?”

“तिला मेलीला कुठलं? एका अंगठ्याची दोन कार्डं निघत नायत. माझ्यापायी बिनकार्डाची जगली.” गोदूबाईनं खोकं पायानं नातीकडे सरकवलं. “मशीनला नावं ठेवू नका. त्याच्याकडची गोदूबाई मेली हाय, गजा. श्रावणात तूच तिला अग्नी दिलास.”