पत्त्याच्या चौकटीत

पत्त्याच्या चौकटीतून कामिनीला बाहेर पडता येत नव्हतं. तिनं टॅबची कळ दाबली. कानातला आवाज म्हणाला, "टॅब." तिनं पुन्हा दाबली. "टॅब." पुढची चौकट फोन नंबरची होती. ती काही येईना.

कामिनी जन्मापासून आंधळी. लाखनीतल्या एका खासगी दवाखान्यात नावनोंदणीच्या टेबलावर ती अकरा वर्षं बसत होती. पडद्यावर काय आहे ते कॉम्प्युटर तिच्या कानात वाचून सांगायचा आणि बाकी सगळं ती कळांवर करायची. जुन्या प्रोग्रॅममध्ये टॅब दाबली की एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत जाता यायचं. सोमवारी नवा प्रोग्रॅम आला. आज बुधवार.

"बाई, झाली का चिठ्ठी?" समोर रुखमिणीबाई होत्या. सकाळच्या एसटीनं लाखांदूरकडून आलेल्या. नवरा मागं बाकावर तापानं कण्हत होता.

"होते, मावशी."

तिनं कॉम्प्युटर बंद करून परत सुरू केला. गेले तीन दिवस ती हेच करत होती आणि शेवटी कुणीतरी येऊन माऊसनं पुढचं भरून द्यायचं. नाव, वय, गाव परत विचारलं. परत पत्त्यापाशी आली. परत अडकली. रांगेतून कुणीतरी म्हणालं, "हिले काहून बसवलं इथं?"

व्यवस्थापक लक्ष्मणराव आले. ते खाली वाकून हळू बोलले. ओरडले असते तर तिला उत्तर देता आलं असतं.

"कामिनीबाई, तुमी दरवाज्याजवळच्या चौकशीच्या खुर्चीवर बसा. इथं मेघाले बसवतो. तुमचं काई कमी होनार नाही."

चौकशीची खुर्ची म्हणजे दिवसभर 'डावीकडे जा', 'वर जा' एवढंच सांगायचं.

"प्रोग्रॅम बनवनाऱ्याले एकदा बोलवा," कामिनी म्हणाली. "मंग बसीन."

तो वरच्या मजल्यावरच होता. चंद्रकुमार नाव, भंडाऱ्याचा. प्रोग्रॅम त्यानं एकट्यानं लिहिला होता.

"टॅब तर चालते, ताई," तो उभ्याउभ्याच म्हणाला. "हे पाहा. नाव. वय. गाव. पत्ता..." आणि थांबला. त्यानं तीनचारदा कळ दाबली. "इथं नाही चालून राहिली. पण माऊसनं एक क्लिक केलं की..."

"कुठं?"

तो खुर्ची ओढून बसला.

"पडद्यावरची ही खिडकी मी प्रोग्रॅमच्या एका तयार सामानातून बनवली," तो म्हणाला. "पत्त्याले मोठी चौकट पायजे होती. ती दुसऱ्या सामानात चांगली भेटली, म्हणून तिथून आणून बसवली. त्या चौकटीले टॅब म्हणजे 'पुढे जा' हे माहीतच नाही. तिच्यासाठी तेही एक अक्षर. ते ती पत्त्यात लिहून टाकते."

"म्हंजे तीन दिवस मी लोकायच्या पत्त्यात मोकळी जागा भरून राहिली?"

"हो."

"अन् बाहेर कसं निघाचं?"

"कंट्रोल धरून टॅब दाबा."

तिनं दाबली. ती कळ बाहेरच्या खिडकीनं उचलली आणि अख्खं पानच बदललं. रुखमिणीबाईंचं नाव, वय, गाव, सगळं गेलं. कानातला आवाज म्हणाला, "रिकामं."

चंद्रकुमारनं बॅगेतून लॅपटॉप काढला.

लक्ष्मणरावांनी मेघाला शेजारच्या कॉम्प्युटरवर बसवलं आणि रांग तिकडं वळवली. फक्त रुखमिणीबाई हलल्या नाहीत. "माहं नाव हिनं दोनदा लिवलं हाय," त्या म्हणाल्या. कामिनी कळांवर हात ठेवून बसून राहिली. शेजारी मेघाचा माऊस टकटक करत होता. एकेक चिठ्ठी छापून बाहेर येत होती. दरवाजाजवळच्या खुर्चीवर ऊन कधी येतं, हे ती आठवू लागली. मग स्वतःचीच तिला भीती वाटली.

वीसेक मिनिटांनी चंद्रकुमार म्हणाला, "आता पाहा."

नाव. वय. गाव. पत्ता. तिनं टॅब दाबली.

"फोन नंबर," कानातला आवाज म्हणाला.

चिठ्ठी निघाली. रुखमिणीबाई ती घेऊन नवऱ्याकडं धावल्या. लक्ष्मणरावांनी मोठा श्वास सोडला. "चला, मिटलं एकदाचं! कामिनीबाई, बसा आता आरामात." त्यांनी डॉक्टरांना फोन लावला आणि सगळं ठीक झाल्याचं हसत हसत सांगायला लागले. चंद्रकुमारच्या बॅगेची चेन लागली. त्याला भंडाऱ्याची बस गाठायची होती.

पुढं तेजराम नावाचे म्हातारे आले. ते आधीही येऊन गेले होते, म्हणून मागच्या भेटीची तारीख भरावी लागणार होती. कामिनी तारखेवर गेली. एक छोटं कॅलेंडर उघडलं. तिनं टॅब दाबली. "सोमवार." पुन्हा दाबली. "मंगळवार." बाहेर पडायला एस्केप दाबली, तिचा उपयोग झाला नाही. परत टॅब दाबली. "बुधवार." शनिवार आला, रविवार आला आणि परत सोमवार आला.

लक्ष्मणराव अजून फोनवर हसत होते. चंद्रकुमारची पावलं दरवाजाकडं निघाली होती. शेजारून मेघाचा हात हळूच तिच्या टेबलावरच्या माऊसकडं आला. कुणाला कळू न देता एक क्लिक करून द्यायला.

कामिनीनं माऊसवर तळहात ठेवला.

"भाऊ, थांबा."

पावलं थांबली. फोनवरचं हसणंही थांबलं.

"आता कुठं?" चंद्रकुमारनं विचारलं.

"तारखेत."

तो परत आला. त्यानं उभ्याउभ्याच दोनतीनदा टॅब दाबून पाहिली. मग बॅग खाली ठेवून बसला.

"अशा अजून किती जागा असतील, ताई?"

"मले काय माहीत?" कामिनी म्हणाली. "मी आत्ता इथवरच पोचली."