नऊशे चाळिसावा तास

नऊशे चाळिसाव्या तासाला पत्र्यावर डाग दिसला. टिकायचं होतं हजार तास.

हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या सेलमधला तो पत्रा, पोस्टकार्डाएवढा. आत सतत ऊब आणि आम्लाची ओल. साधं पोलाद तिथे आठवडाभर तग धरत नाही. म्हणून तर प्रयोगशाळेतल्या मॅडमनी चार वर्षं खपून त्यावरचा लेप तयार केला होता. लेप नापास झाला तर प्रकल्पाला कुलूप, हे साहेबांनी आधीच ऐकवलं होतं.

मॅडमनी पत्रा सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. गंजाला रेघा होत्या, एकात एक गोल. बोटाचा ठसा! लेप चढण्याआधी कुणीतरी उघड्या हाताने पत्रा धरला होता आणि घामातलं मीठ लेपाखाली अडकलं होतं. म्हणजे लेपाचा दोष नाही. मग कोणाचा, ते शेंबडं पोरही सांगेल: पत्रे घासून आरसा करणारे आरसेकाका. हातमोज्यांचं त्यांना वावडं. "हातमोज्याला काय कळतंय?" म्हणत शेवटचा हात अंगठ्यानेच फिरवायचे.

मॅडमनी आधी साहेबांना फोन केला, मग काकांना बोलावलं.

"काका, उद्यापासून येऊ नका. साहेबांनी सांगितलंय. शंभरदा बजावलं होतं तुम्हाला."

काका सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावरचा ठसा बघत राहिले. "हा माझा नाही."

"तुमचा नाही तर काय भुताचा?"

काकांनी टेबलावरच्या शाईच्या पॅडवर अंगठा दाबून कागदावर टेकवला. नुसता काळा ठिपका उमटला, एकही रेघ नसलेला.

"पस्तीस वर्षं पोलाद घासतोय मॅडम. त्यानेही मला घासलंच की. बँकेतलं यंत्रसुद्धा ओळखत नाही."

"मग आल्या आल्या बोलायचंत ना!"

"तुम्ही विचारलंत कुठं? तुम्ही सांगितलंत."

मॅडम पुन्हा पडद्याकडे वळल्या. काका पत्रा धुऊनच देतात. त्यानंतर हात लावला कुणी? आणि आठवलं. पत्रा लेपाला जायचा त्या सकाळी त्यांनी स्वतःच तो हातात घेऊन फोटो काढून घेतला होता. फोटोत बरे दिसत नाहीत म्हणून हातमोजे काढले होते. पत्रा पुन्हा न धुता तसाच पुढे गेला.

त्यांनी पॅड ओढलं, काकांच्या ठिपक्याशेजारी आपला अंगठा टेकवला. भोवरा तोच, डावीकडची तुटलेली रेघही तीच. लाजेने त्यांना काकांकडे बघवेना.

"राहू द्या हो," काका हळूच म्हणाले. "माझं नाव गेलंच आहे तर जाऊ द्या. मला निवृत्तीला दोन महिनेच उरलेत. तुमची चार वर्षं आहेत."

मॅडमनी फोन उचलला.

"साहेब, मघाशी मी चुकीचं नाव सांगितलं."

फोनच्या काचेवर शाईचा अंगठा उमटला होता, रेघ न् रेघ.