ज्याचं त्यालाच दिसावं

मदन महल भागातल्या आपल्या ऑफिसात विभावरी भलतीच खुशीत होती. तिच्या एकाच सर्व्हरवरच्या चाळीस गिऱ्हाइकांना एकमेकांचे डेटाबेस दिसायचे. गिऱ्हाइकं पळायच्या बेतात होती. आज तिनं ज्याचा त्यालाच दिसेल असं करून टाकलं.

ग्वारीघाटच्या फुलवाल्या अंबादासचा लगेच फोन आला. "दीदी, आता फक्त माझाच दिसून राहिला. मस्त."

ऑफिसात दुसरं कोणी नव्हतं. खव्याच्या जिलबीचा पुडा एकटीनंच सोडून तिनं आपली डेटाबेसची यादी उघडली. मालकीण म्हणून तिला तरी चाळीसही दिसायला हवे होते. एकच दिसला, 'विभावरी' नावाचा. तो तिनं बनवलाच नव्हता.

आत ओळी होत्या. 'पुडा सोडला.' 'पहिली जिलबी खाल्ली.'

जिलबी अजून तोंडातच होती. तिला हसू फुटलं.

नवी ओळ उमटली. 'विभावरी हसली.'

मग आणखी एक. 'मागचाही हसला.'