कपाटाचं दार
"लाकडी कपाट मलाच हवं" म्हणून नवरा वकिलांसमोर हट्टाला पेटला. एकतीस वर्षांचा संसार वाटून घेताना मीही भांडून भांडून थकले होते. म्हटलं, घेऊन जा एकदाचं. चौथ्या दिवशी त्याचा फोन आला. "दार उघडत नाहीये. घराचे कागद आतच आहेत, उद्या सह्या करायच्यात." "दार वर उचल आणि किल्ली फिरव." "दोन्ही हातांनी दार उचललं, तर किल्ली कोण फिरवणार?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बिजागरी निखळल्यापासून मी "सुतार बोलाव" म्हणून कानीकपाळी ओरडत होते. हा प्रत्येक वेळी दार उचलून धरायचा, किल्ली मला फिरवायला लावायचा आणि म्हणायचा, "दोघं असताना सुतार कशाला?" आता जरा नरमून म्हणाला, "पाचच मिनिटं येऊन जा ना." वीस वर्षं जपून ठेवलेला सुताराचा नंबर मी त्याला पाठवला.