डावीकडची नळी

इंजिन सुटलं. आधी दोनदा फुसफुसलं, चिमणीतून गरम पाण्याचे चार शिंतोडे उडवले, मग हॉलच्या फरशीवर मांडलेल्या गोल रुळांवरून चालू लागलं. हातभर लांबीचं, हिरवं, खऱ्या वाफेवर चालणारं. चाललं ते उलटं.

तिला दिसलं. त्याला दिसलं नाही. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेले त्याचे डोळे आता मधोमध विझत चालले होते. कडेकडेचं तेवढं दिसायचं. टेबलाजवळच्या स्टुलावर बसून, मान वाकडी करून तो ऐकत होता.

"चाललं?"

"चाललं की! झक्क चाललंय," ती म्हणाली. यात खोटं काहीच नव्हतं.

दाराजवळ, चपलांच्या मांडणीवर, त्याची हत्यारांची पेटी दोरी बांधून तयार होती. चिमटे, पेचकस, पाने, डोळ्याला लावायचं भिंग, सगळं आत. पैज त्याची स्वतःशीच होती: इंजिन नीट चाललं तर पेटी घरात राहील, नाही तर संध्याकाळी जुना शागीर्द येऊन घेऊन जाईल. शागिर्दाला आता स्वतःचं दुकान होतं, ढेरी होती, आणि गेली दोन वर्षं तो चहा पिता पिता "काका, पेटीचं काय ठरवलंत?" असं हळूच विचारत होता.

गेल्या वर्षी खोक्यातले सुटे भाग जोडून हे इंजिन त्याने एकट्याने उभं केलं होतं. पण ते जन्माचं उधळं. एकदा सुटलं की पाणी संपेपर्यंत थांबायचं नाव नाही. दोनदा सोफ्याखाली जाऊन आडवं झालेलं. म्हणून वेग आवरायची, पुढे-मागे न्यायची नवी दांडी मागवली, वाफेच्या दोन नळ्यांसकट. ती येईपर्यंत डोळ्यांनी दगा दिला. मग ठरलं, माहितीपुस्तक तिने वाचायचं, हात त्याने चालवायचे. टेबलाच्या त्या बाजूला तो, या बाजूला ती. तीन आठवडे तिने उंटावरून शेळ्या हाकल्या.

"ते आधी खिडकीकडे गेलं," तो म्हणाला.

तिने खिडकीकडे बघितलं.

"दांडी पुढे आहे. म्हणजे आधी कपाटाकडे जायला हवं होतं. उलटं चाललंय ना?"

"मग दांडी मागे ओढा, पुढे जाईल! त्यात काय एवढं?"

"काटे उलटे फिरले, तर गिऱ्हाईकाला काय सांगू? घड्याळ आरशात बघा?"

तिला हसू आलं. तो हसला नाही. खिशातल्या फडक्याने त्याने एकेक बोट पुसलं, दुकान बंद करताना पुसायचा तसं.

"शागिर्दाला फोन कर. संध्याकाळची वाट कशाला बघतोस, आत्ताच ये म्हणावं."

तिने फोन घेतला नाही. चष्मा घेतला, पुस्तक घेतलं. 'डावीकडची नळी वाफ आत आणते, उजवीकडची बाहेर सोडते.' तिने हेच वाचलं होतं. वाचून, टेबलावरून हात लांब करून, त्याचं बोट धरून नळीवर टेकवलं होतं: ही, ही डावीकडची. वाक्याच्या शेवटी एक चांदणी होती. पानाच्या तळाशी दुसरी चांदणी, आणि तिच्यापुढे मुंगीएवढ्या अक्षरांत: 'डावी-उजवी बाजू चालकाच्या जागेवरून.'

इंजिनाची चालकाची बाजू त्याच्याकडे होती. ती समोर बसली होती.

"अहो," ती म्हणाली, "मी माझं डावं सांगितलं."

"म्हणजे?"

"म्हणजे मी दाखवली तीच नळी तुम्ही बसवलीत, आणि अशी बसवलीत की थेंबभर गळत नाहीये. हात ठीक आहेत तुमचे. डोळे चुकले." ती थांबली. "आणि डोळे माझे होते."

इंजिनाची एक अख्खी फेरी त्याने मान वाकडी करून ऐकली.

"खाली बारीक अक्षरात लिहिलं असेल," शेवटी म्हणाला.

"आहे."

"बारीक अक्षरं तू कधी वाचलीस? औषधाच्या बाटलीवरची नाही, भाडेकरारातली नाही."

"लग्नाआधी तुमच्यातलीही नव्हती वाचली."

आता तो हसला. आधी नाकातून, मग खांदे हलेपर्यंत.

"दांडी बंद कर. खालचा जाळ काढ, निवू दे त्याला," तो म्हणाला. "आणि बारका पाना दे."

पाना पेटीत होता. तिने पेटी आणून टेबलावर ठेवली आणि गाठीशी झटापट करू लागली. नखाने झालं, केसातल्या पिनेने झालं, दातांनीही करून बघितलं. गाठ जागची हलेना. सकाळी ती त्यानेच मारली होती.

"कातर आणू का?"

"चांगल्या दोरीला कातर लावतात?"

त्याने पेटी आपल्याकडे ओढली आणि छताकडे बघत दोन बोटांनी गाठ सोडली. दोरी नीट गुंडाळून तिच्या हातात दिली.

तिने ती खिशात टाकली. मग आपली खुर्ची उचलली आणि टेबलाला वळसा घालून त्याच्या शेजारी आणून ठेवली. त्याने कोपर आत घेऊन जागा करून दिली.

"वाच," तो म्हणाला. "पहिल्या पानापासून. बारीक अक्षरंसुद्धा."