चहातली पूड

थोरलीला जुळं झालं, त्याच वर्षी धाकट्याला कॅन्सर निघाला. त्याचं लग्न व्हायचं होतं. केमोच्या औषधांनी बाप होण्याची ताकद जाते आणि डाळिंबाच्या सालीच्या पुडीनं ती टिकते, असं शेजारीण म्हणाली. मी गुपचूप त्याच्या चहात पूड घालू लागले.

तिसऱ्या डोसच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, बाहेरचं काही देता का? चांगल्या पेशींना जे वाचवतं, ते गाठीलाही वाचवू शकतं. नक्की कुणालाच माहीत नाही, म्हणून विचारते."

मी मांडीवरच्या पिशवीचे बंद आवळू लागले.

धाकटाच म्हणाला, "छे हो! हिच्या हातचा चहाच एवढा कडू, वर आणखी काय देणार?" बाई हसल्या.

बाहेर बाकावर तो हळूच म्हणाला, "आई, माझ्याकडूनही नातवाची एवढी घाई? आधी मला तरी जगू दे की."

घरी येताच मी पुडीचा डबा मोरीत रिकामा केला.

पुढच्या तपासणीत गाठ तसूभरही कमी झालेली नव्हती. कशामुळे, ते बाईंनाही सांगता आलं नाही. मी पुडीचं बोलले नाही.

चौथ्या डोसनंतर अकराव्या दिवशी, सकाळी, धाकटा गेला.