चमच्याने काढलेल्या कॅप्सूल

“सांधा बदललेल्या सगळ्यांनाच हल्ली आम्ही हे अँटिबायोटिक औषध देत नाही,” दातांचे डॉक्टर हातमोजे काढत म्हणाले. “दात काढण्याआधी बहुतेकांना काही लागत नाही.”

“आईंना द्या,” सून म्हणाली. “त्यांच्या नव्या गुडघ्यात एकदा पू झाला होता. पुन्हा उघडावा लागला. सर्जनना विचारूनच आलेय मी.”

“मग देऊ. तासभर आधी सगळ्या कॅप्सूल एकदम घ्यायच्या. या औषधाचं वावडं नाही ना?”

“आईंना नाही,” सून म्हणाली.

खुर्चीत आ वासून बसलेल्या सासूबाईंनी सगळं ऐकलं. डॉक्टर नको म्हणतोय आणि ही हट्टाने लिहून घेतेय. त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

तशी ती गेल्या खेपेला दात काढला तेव्हापासूनच चुकचुकत होती. तेव्हा अशाच कॅप्सूल घेतल्या आणि पोट असं बिघडलं की उठवेना. सून उशाशी बसून घोट घोट पाणी पाजत होती. एवढी माया अचानक कुठून उतू आली, हे सासूबाईंना कोडंच होतं. शाळेच्या प्रयोगशाळेत रसायनांच्या बाटल्या सांभाळण्यात त्यांचा जन्म गेला होता. लेबलावर भरवसा ठेवायचा नाही, आधी थोडं घेऊन तपासायचं, ही सवय हाडात मुरलेली. गुडघा बदलला तरी ती गेली नव्हती.

संध्याकाळी त्यांनी मैत्रिणीला फोन लावला.

“ती त्या कॅप्सूलना हात लावत नाही गं,” त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. “रुमालात पाकीट धरते, चमच्याच्या दांड्याने एकेक वाटीत पाडते. मग कोपरापर्यंत हात धुते. औषधाला कोणी असं करतं का?”

“तुझं आपलं काहीतरीच,” मैत्रीण हसली. पण लगेच म्हणाली, “तरी जप हो.”

त्या रात्री सासूबाईंचा डोळा लागला नाही. आपल्याच घरात आपण कोणाला नकोसे झालोय, ही भीती त्यांना आतून पोखरत होती.

सकाळी सुनेने वाटी समोर ठेवली. रुमाल, चमचा, सगळं तसंच.

“घ्या आई. मी हात धुऊन येते, मग निघू.”

टेबलावर तिची कॉफी वाफाळत होती. बिनसाखरेची, काळीकुट्ट, काढ्यासारखी कडू. बाथरूममध्ये नळ सुटला. सासूबाईंनी एक कॅप्सूल उचलली, दोन्ही टोकं ओढून उघडली आणि पूड कॉफीत झटकली. चमचा फिरवला, पुसून जागेवर ठेवला. औषध असेल तर हिला काही व्हायचं नाही. नसेल तर कळेलच. उरलेल्या कॅप्सूल त्यांनी मुठीत लपवल्या.

“घेतल्या?”

“घेतल्या.”

“शाब्बास! आज घाबरायचं नाही हं. दुखलं तर माझा हात दाबायचा, कितीही जोरात.” सुनेने घाईघाईत उभ्या उभ्याच कप रिकामा केला. “शी, आज काय भयंकर झालीय ही!”

ती चपला घालायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. मग गळ्याशी हात नेला. ओठ बघता बघता सुजले. तिने सासूबाईंकडे पाहिलं, काही बोलायला तोंड उघडलं, पण नुसती शीळ घातल्यासारखा श्वास बाहेर आला. ती भिंतीला धरून खाली घसरली.

 सासूबाईंना भीती वाटली, आणि खोटं कशाला बोला, थोडं बरंही वाटलं. आपलं खरं निघालं होतं.

मुलगा तोंडावरच्या साबणाच्या फेसासकट धावत आला. बायकोला मांडीवर घेत त्याने फोन चाचपला.

“आई, हिने काय खाल्लं?”

“बघ! आता तरी बघ!” सासूबाईंनी मूठ उघडली. “हे विष माझ्यासाठी होतं. हिच्याच कॉफीत घालून पाहिलं मी.”

मुलाने त्या कॅप्सूलकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“आई,” तो म्हणाला, “या औषधाचा कणसुद्धा तिला चालत नाही. म्हणून तर ती चमच्याने काढायची.”